घोडीपुढचा घास

दुपारचे दोन वाजून दहा मिन्टं झालती, तवा सुरू झालं हे सगळं, आन् आता जो यील तो मलाच इचारतो, कावून आणली गं घोडी? आता तुमीच सांगा, मी कुठं आणली? मी आपलं निस्तं ‘पायजे’ लिहिलं!

तुमाला सांगते, आमची राजनंदिनी. नाव केवढं, आन् पोरगी निस्ती काडी. घास दिसला की तोंडाला कुलूप. अंगणवाडीच्या ताई तिला काट्याला टांगत्यात आन् माझ्याकडं असं बघत्यात, जसं काय पोरीच्या वाटचं मीच खाल्लंय. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली... झोपंत बी मी तिच्या बरगड्या चाचपते.

तर त्या दुपारी मोबाईल समोर धरून वरणभात भरवायले होते. बोटानं वर सरकवता सरकवता एक पांढरी घोडी आली. म्हातारी, पोट खपाटीला, मालकानं रस्त्यावर सोडलेली, पुण्याकडच्या जनावरं वाचवणाऱ्या लोकांनी उचलून नेलेली. खाली लिहिलेलं, दत्तक द्यायची आहे. आन् आमच्या पोरीनं आ केला! मी घास घातला, तिनं गिळला, परत आ... वाटी रिकामी! माझ्या डोळ्याला पाणी, आन् त्या भरात मी खाली लिहिलं, ‘पायजे.’

आता साडीच्या ग्रुपवर आमी बाया रोज काय लिहितो? पैठणी दिसली, पायजे. तिचा मोरपंखी रंग दिसला, तोबी पायजे. घेतंय कोण? लिहायचं, मन भरतं, पुढं सरकायचं. रीतच हाय ती. पण ही पुण्याची बाई खरंच फोन करती ना! “अहो ताई, किती मोठं मन तुमचं! मोकळी जागा आहे ना?” म्हणलं, अंगण हाय की. पत्ता इचारला, तोबी सांगितला. मला वाटलं, चौकशी करायली बिचारी.

दोन दिसांनी दारात छोटा हत्ती टेम्पो थांबला, त्यातनं घोडी उतरली. हत्तीतनं घोडी! सासूबाई दळण निवडत बसलत्या, सूप तसंच हातात. म्हणल्या, “वनमाले, हे कुणाकडं आलंय?” म्हणलं, आपल्याकडं. आमचे हे एरवी शब्द काढत न्हाईत, ते म्हणले, “बाजाराच्या दिवशी वडवणीत नेऊन कुणालातरी देऊन टाकणार. पोरीला लाथ बसली म्हंजे?” लाथंचं भ्या मला न्हाई का? लाथ, माश्या, धनुर्वात, समद्याचा इचार मी करून बसलते! पण पोरगी घोडीपुढं बसून भाकर खायली हो. अर्धी ती, अर्धी घोडी, पण खायली तर! म्हणलं, देवा, बाजाराचा दिवस यिऊच नको.

आला. ह्यांनी दोर धरला, घोडी निघाली, मागं पोरगी रडत, तिच्या मागं मी ताट घेऊन. आन् चौकात बँड वाजला... लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेत्यात ना, तो परण्या चाललता, नवरदेव जीपमधी. घोडीनं कान टवकारले. आमाला काय ठावं, जन्म वरातीत गेलाय तिचा! ह्यांच्या हातचा दोर सुटला, घोडी बँडपुढं जाऊन नाचायली, मान अशी, पाय असे, म्हातारपण कुठल्या कुठं! वऱ्हाडी येडे झाले, नवरदेव जीपमधनं उतरून पाय ठिवायला रिकीब शोधाय लागला, रिकीबच न्हाई. तर आमचे हे मधी आडवे. म्हणले, “म्हातारी हाय आमची, वर बसायचं न्हाई.”

आमची म्हणले! ऐकलं का तुमी? आमची!

मारुतीच्या पायरीशी घोडी जी थांबली, ती हलंना. शेवटी नवरदेवाच्या आत्यानं वळखलं, “अगं डाळ द्या तिला, मान हाय तिचा.” हरभऱ्याची भिजलेली डाळ खाल्ली, मगच हलली. तवर ह्यांच्या डोक्याला कुणीतरी फेटा बांधलता. आन् मी? कडेवर पोरगी, हातात ताट, घोडीचा एक ठुमका, पोरीचा एक घास... मारुती यीस्तवर अख्खी भाकर! त्या लग्नाच्या दर फोटूत मागं मी हाय, वरणाच्या हातानं. मी आपलं निस्तं ‘पायजे’ लिहिलतं!

घोडी परत अंगणात. बाजाराचं नाव कुणी काढलं न्हाई. लग्नसराई हुती, रोज कुठंतरी बँड, घोडी नाचायची, पोरगी खायची. पोरगी काट्यावर वर सरकली, अंगणवाडीच्या ताई मला ‘ये, बस’ म्हणल्या.

पण आता लग्नसराई सरली आन् घोळ असा झालाय, पोरीला बँडबिगर घास जाईना. निस्ती घोडी दावली तर तोंड फिरवती. सासूबाई परात वाजवत्यात, हे फेटा बांधून तोंडानं ढोल वाजवत्यात, घोडी ढुंकून बघत न्हाई. तवा हात जोडून सांगते, वडवणीपासून उमापूरपस्तोर कुणाच्याबी घरी लग्न निघालं तर मला कळवा, दुसऱ्यालाबी सांगा. घोडी फुकट नाचल. फकस्त परण्या जरा हळू न्या... आमची पोरगी लई येळ चावती.