बरण्या कुणी धुतल्या

दवाखान्याच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. बोलणं कानी पडलं, तसा फरशी पुसणाऱ्या मावशींचा हात मंदावला.

“बाबांच्या गोळ्यांची पाकिटं मागतायत डॉक्टर, आई.”

“मग दे की.”

“कुठून देऊ? घरात प्लास्टिक नको म्हणून मीच सगळ्या गोळ्या काचेच्या बरण्यांत भरल्या. पाकिटं भंगारात गेली.”

“साखरेच्या अन् रक्तदाबाच्या?”

“दोन्ही पांढऱ्या, एवढ्याएवढ्याशा.”

“चिठ्ठ्या लावल्या होत्यास ना?”

“काल बरण्या धुताना निघाल्या. आठवून पुन्हा चिकटवल्या.”

“शुद्धीवर आले की बरण्या मी धुतल्या म्हणायचं. माझ्यावर चिडायची सवय आहे त्यांना.”

“आणि नाही आले तर?”

“तरी मीच. तुझा नवरा पोचेल एवढ्यात, त्यालाही हेच सांगायचं. आता देवाचं नाव घे अन् तोंड धुऊन ये.”