सातव्या भागाची माती

भ्या वाटावं म्हणून मी अन् बसवराजनं बिदरला जाऊन पिच्चर बघितला, अन् भ्या वाटलं ते हुलसूरला, त्याच्याच दारात!

मुखवटेवाल्या खुन्याचा सातवा भाग. खुनी कुठल्या दारामागं हाय, ते आमाला त्याच्या आदी कळायलं. मी तर झोपलोच.

बसवराजच्या घरी सोयाबीनची काढणी चालू, म्हणून त्यो सांगून आलता, "दोस्ताचा बाप गेला, मातीला जायलोय."

परतलो तर दारात त्याचे वडील, अप्पा. हातात विळा.

"थांबा तितंच! मातीहून आलाव, आंगुळ केल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई."

बोरच्या गार पाण्याची बादली दोघांच्या डोक्यावर, कपड्यासगट. विळा काय खाली ठिवंनात.

"दोस्ताचं नाव काय?"

बसवराजनं माज्याकडं बघितलं.

"कामून बोलंनास? मेलं कोन?"

अप्पा एक पाऊल म्होरं आले. बसवराजचे दात वाजायले.

"पिच्चरमदला खुनी मेला, अप्पा!"

अप्पांनी विळा ह्या हातातून त्या हातात घेतला.

"मुखवटेवाला?"

"व्हय."

"आनीक खोटं बोलायलास! सहा भाग बघितलोय मी. त्यो मरत न्हाई. धर हा विळा."