डबक्यातलं पाणी

२००४ साल. नाशिकच्या बसस्थानकावर हरसूलच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर बाप-लेक बोलत होते.

"राखी, आपल्या शेळ्या प्यायल्या त्या डबक्याच्या पाण्यात काय निघालं?"

"फवारणीचं औषध, बाबा. कोणीतरी तिथं पंप धुतला असणार."

"पण पाणी तर नितळ होतं. वासबी नाय."

"आमच्या प्रयोगशाळेत यंत्र आहे. त्यात केसाएवढी बारीक, लांबच लांब नळी असते. पाण्यातला अर्क तिच्यातून सोडला, की एकेक पदार्थ सुटा होऊन बाहेर येतो."

"एकदा मिसळलेलं परत निवडता येतं?"

"येतं. औषध निघालं त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढं असतं, तरी सापडलं असतं."

"बाप रे! आन् हे तू सोता केलं?"

"मीच केलं. खात्रीसाठी परत केलं."

"म्हंजे शेळ्यांवर त्या म्हाताऱ्या अक्काबाईची वाईट नजर नव्हती."

"नव्हती, बाबा."

"शेळ्या मेल्यापासनं गावात कोण तिच्याशी बोलत नाय गं. पाण्यालाबी येऊ देत नाय."

"माहीत आहे."

"मग गाडीतनं उतरलो की घरी नाय जायचं. आधी म्हातारीच्या दारात."