पास्कुआलच्या पंजावर चुना

सभेच्या अध्यक्षा श्रीमती ओजिएबाई, व्यासपीठावर बसलेले आमच्या बंकर जतन मंडळाचे कार्यवाह श्री. फालासाहेब, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते हेडली ब्रेहोकाका, आणि गाईंच्या धारा, दुकानं आवरून आलेल्या गावकरी मंडळींनो,

मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस. नॉर्वेत बोटींच्या तळाला वेल्डिंग करतो. भाषण कधी केलं नाही. कार्यवाहांनी कळवलं, काकांबद्दल दोन गोड शब्द बोल. गोड डोरीनमावशींच्या केकमध्ये भरपूर आहे, तेव्हा मी बाकीचं बोलतो.

महायुद्धात जर्मनांनी आपलं बेट बळकावलं, तेव्हाचे बंकर काकांनी तीस वर्षं गर्न्सीभर शोधले. युद्ध संपल्यावर आपल्याच आजोबांनी त्यांत भंगार कोंबलं, वर माती लोटली, बटाटे लावले. काका वावरात लोखंडी सळई खुपसत चालायचे आणि आवाजावरून सांगायचे, इथे छत आहे. वावराचा मालक टोरोड म्हणायचा, "हेडल्या, माझे बटाटे भोसकलेस तर तुलाच उकडीन." मग तोच फावडं घेऊन यायचा.

कड्यावरचा मोठा बंकर काकांनी आणि मी उपसला. दोन हिवाळे गेले. अगदी आतल्या खोलीतली भिंत काकांनी मऊ ब्रशने, साध्या पाण्याने धुतली. मी तारेचा ब्रश उचलला तर हातावर फटका बसला. शेवाळाखालून माणसाच्या हाताचा पंजा निघाला, ओल्या सिमेंटात दाबलेला, दोन बोटं नसलेला. शेजारी खिळ्याने कोरलेलं नाव. पास्कुआल.

पाहुण्यांना आपण सांगतो, हे जर्मनांनी बांधलं. जर्मनांनी हुकूम सोडले. सिमेंट कालवलं ते स्पेनमधून पळून फ्रान्सच्या आसऱ्याला गेलेल्या, तिथून धरून आणलेल्या उपाशी स्पॅनिश माणसांनी. आणि वाळूच्या गाड्या कुणी हाकल्या? माझ्या पणजोबांनी. हे बाहेर बोलायचं नाही, असं आमच्या घरात ठरलेलं होतं. आज बोललो.

आता फालासाहेबांचं म्हणणं, जर्मन गेले त्या मुक्तिदिनाच्या आधी, या शनिवारी बंकरच्या सगळ्या खोल्यांना चुना मारायचा. जर्मन होते तेव्हा भिंती पांढऱ्या होत्या, तशाच हव्यात. लोक तोफा बघायला येतात, म्हणाले, डाग बघायला नाही. डाग? काका सभेत नाही म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचे गुडघे सगळ्यांना एकदम दिसायला लागले. जिन्यावरून पडतील हो, वय झालं हो. ठरला मंडळातून निरोप समारंभ. गेल्या हिवाळ्यात हा माणूस एकटा बादल्यांनी पाणी उपसत होता, तेव्हा ही काळजी कुठे गेली होती?

मघाशी दारात मी काकांना विचारलं, बंकरची किल्ली देऊन टाकणार? म्हणाले, मंडळाची आहे, देणारच, तू उगाच तमाशा करू नकोस. टोपी हातात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "पास्कुआलच्या घरच्यांच्या शोधात स्पेनला तीन पत्रं पाठवली रे, पत्ताच लागेना. उद्या कुणी शोधत आलं तर काय दाखवायचं?"

अध्यक्षाबाई, तोच प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो. तुम्हाला उत्तर सुचतंय का? फालासाहेब, तुम्हाला?

असो. बोलू दिलंत, मंडळाचे आभार. काकांचे आभार कसे मानतात ते मला येत नाही. थोरामोठ्यांचा मान राखायचा कुठे राहिला असेल तर पोटात घाला. माझी परतीची बोट रविवारी आहे. शनिवारी चुनेवाले आठला येतात. मी सातला त्या भिंतीला पाठ लावून उभा असेन. कुणाला सोबत यायचं असेल तर स्वेटर घालून या, आत गारठा फार असतो.