‘नेहमीचा त्रास’ लिहिणाऱ्यांचं आख्यान

मृदंग जरा थांबवा, बुवा! मंडळी, आज देवाच्या पायाशी एक सवाल घेऊन उभा आहे. खोटं बोलणं पाप — हे सगळ्यांना मान्य. पण खरं ठाऊक असून ते धड न सांगणं? समोर फळा आहे, हातात खडू आहे, मागून येणाऱ्याचा जीव त्या फळ्यावर टांगलाय — आणि दोन शब्द खरडून घरी चालते होणं? हे काय? माना डोलवू नका! आधी ऐका, मग डोलवा.

एक होती दूध डेअरी. कुठली ते विचारू नका, सकाळचा चहा कडू लागेल! तिथं पाइपा धुवायला कॉस्टिकचं कढत पाणी सोडतात. ते दुधाचा चिकटा काढतं — आणि अंगावर उडालं तर कातडंही काढतं. पंपांच्या खोलीत एक फळा होता. सुटणाऱ्या पाळीनं येणाऱ्या पाळीला त्यावर निरोप लिहायचा. व्यवस्था झकास! पण निरोप काय? “तीन नंबर पंप — नेहमीचा त्रास.” काल तेच, परवा तेच! अरे बाबा, त्रास कसला? पंपाला, की तुझ्या गुडघ्याला?

तीन नंबरचा पंप तुंबायचा. पुढचा माणूस यायचा, झाकण उघडायचा, गाळ काढायचा. झालं! सगळ्यांनी तोच अर्थ धरला होता.

तिथल्या प्रयोगशाळेत विभावरीबाई होत्या. त्या मॅनेजरकडे गेल्या. म्हणाल्या, “वाघोलीकर साहेब, आठवड्यातला एक तास द्या. काय बिघडलं, कुठं बिघडलं, पुढच्यानं काय करू नये — एवढं लिहायला मी माणसांना शिकवते.”

साहेब हसले! “बाई, हा कारखाना आहे, शाळा नाही. ही हातानं काम करणारी माणसं. त्यांना कशाला निबंध?”

ऐकलंत? हातानं काम करणारी! मग लिहितात कशानं, पायानं? आणि याच साहेबांनी खंडेनवमीला पंपांना हळदकुंकू वाहिलं, स्वतःच्या पेनाला झेंडूचं फूल वाहिलं. पेनाची पूजा — आणि लिहायला शिकवते म्हणणारीला हसायचं! देव काय आंधळा आहे होय?

तिथं रंगनाथ सोनटक्के म्हणून पंप चालवणारा होता. शहाणा माणूस. त्यानं एकदा फळाभर लिहिलं होतं, अगदी सविस्तर. सुपरवायझरनं ते मोठ्यानं वाचलं, सगळ्यांसमोर! “अरे रंग्या, पोवाडा लिहितोस काय? डफ आणू का?” खोली हसली. सुपरवायझरनं फळा पुसला. झालं! त्या दिवसापासून रंगनाथही दोन शब्दांवर आला. माणसाला मूर्ख ठरवायला वेळ लागत नाही, मंडळी, एक हशा पुरतो!

मग एका दुपारी तीन नंबरचा पंप बंद पडला. पण आज तो तुंबला नव्हता! त्याच्या मागचा व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता. रंगनाथनं ते पाहिलं होतं. खडू उचलला. मनात आलं — पुन्हा हसतील. लिहिलं, “तीन नंबर — नेहमीचा त्रास.” आणि गेला.

पुढच्या पाळीचा फिटर, यशवंत भालेकर, आला. फळा वाचला. नेहमीप्रमाणे झाकण उघडलं —

पांडुरंगा! ते उकळतं पाणी तोंडावर! उजवा डोळा गेला. कायमचा.

आणि साहेबांचा अहवाल ऐकता? “कर्मचाऱ्याच्या अनवधानामुळे सदर प्रकार घडला असून योग्य ती दक्षता घेण्यात येत आहे.” वा रे लेखणी! ज्याचा डोळा गेला, चूक त्याचीच! आणि दक्षता घेतंय कोण? भिंत? माझ्या तर तळपायाची आग मस्तकाला जाते! खालचा फळ्यावर काही सांगत नाही, वरचा कागदावर काही सांगत नाही — फरक एवढाच, की वरच्याला कुणी हसत नाही!

रंगनाथ दवाखान्यात गेला. यशवंतच्या पायाशी बसून रडला. “यशवंतदादा, मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं.”

यशवंत शांत होता. म्हणाला, “मग काय लिहायचं होतं तुला? आता सांग.”

रंगनाथनं डोळे पुसले. “व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. पंपात कढत कॉस्टिक आहे. झाकण उघडू नका.”

यशवंतनं उरलेल्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं.

“एवढंच?”

“एवढंच, दादा.”

मंडळी! एवढंच होतं! तेवढ्याला हसलात तुम्ही! होय, तुम्हीच! इथं ऑफिसातले आहेत, कारखान्यातले आहेत, बँकेतले आहेत. “योग्य ती कार्यवाही व्हावी” लिहून घरी जाणारे आहेत. आणि पुढच्या रांगेत, लोडाला टेकून, साहेबमंडळीही आहेत. साहेब, टेकू नका, ताठ बसा! उद्या कुणी “एक तास द्या, लिहायला शिकवते” म्हणत दारात आलं, तर द्याल? की हसाल?

आत्ता टाळ्या नकोत. ज्यांनी कुणाचं लिहिणं हसण्यावारी नेलंय, त्यांनी उद्या जाऊन त्या माणसाची माफी मागावी. आणि मगच या दारात येऊन विठ्ठलाचं नाव घ्यावं!