वास सुटला की उतरवणे

ठमी : वहिनी, आधी पंखा बंद कर. सुपांच्या कृतींच्या सगळ्या चिठ्ठ्या उडून पावांच्या ढिगात गेल्या.

वहिनी : केला. आणि टेबलावर बसू नकोस, आधीच लंगडं आहे ते.

ठमी : बसले नाहीये, टेकलेय. हे बघ, इथे सुपं, इथे रस्से, खुर्चीवर केक आणि बिस्किटं, पलीकडे मुरंबे. आता हा पुठ्ठा कुठे घालू? एका बाजूला भोपळ्याचं सूप आणि दुसऱ्या बाजूला साठ वॅट.

वहिनी : बल्बचं खोकं आहे. लाइट गेले होते तेव्हा हाताला तेच लागलं. सुपात घाल.

ठमी : आणि ही आमच्याच औषधाच्या दुकानाची पिशवी. वर छापलंय ‘जेवणानंतर एक’ आणि खाली तू लिहिलंयस ‘कांदे बारीक’. कोणी चुकून खरंच घेतले असते म्हणजे?

वहिनी : तूच आणली असशील ती पिशवी. तुझ्या आईला खोकल्याचं औषध आणायचीस, त्यातली.

ठमी : आईचं अक्षर बघ या चिठ्ठीवर. मुंग्यांची रांग. आणि हिच्यावर तर नुसता तेलाचा डाग आहे, अक्षर एकही उरलं नाही.

वहिनी : ती टाकू नकोस. तो डागच पाठ आहे मला.

ठमी : पिठाच्या डब्यात एवढा खजिना कोंबून ठेवला होतास आणि मी आजवर हात लावला नाही. वहिनी, मला आज भयंकर उत्साह आलाय. सगळं लावते, प्रत्येकीला नंबर घालते, प्लास्टिकच्या पाकिटात भरते आणि शेगडीच्या वर खिळ्याला अडकवते. हात खरकटे असले तरी तुला वाचता येईल.

वहिनी : लावून झालं की तुझ्या घरी घेऊन जा.

ठमी : माझ्या घरी कशाला? तुझ्यासाठी लावतेय मी.

वहिनी : मला काय करायच्यात आता. छापखान्याच्या बाईंचा संध्याकाळी फोन येणार आहे. त्यांच्या माणसांचं जेवण मी परत सुरू करणार की त्यांनी दुसरी कोणी बघायची, ते विचारायला. मी नाही म्हणणार आहे.

ठमी : दादाला सांगितलंस?

वहिनी : तुझा दादा दिवसभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करतो आणि घरी येऊन डाळ शिजवतो. त्याची डाळ एकदा खा, मग तूही काही विचारणार नाहीस.

ठमी : खाल्ली आहे. चमच्याने कापावी लागली. पण वहिनी, हे काम तुझा जीव की प्राण होतं. छापखान्यातला तो खिळे जुळवणारा म्हातारा जुळारी तुझ्या सुपासाठी सुट्टीच्या दिवशीही कामावर यायचा.

वहिनी : तोच. त्याच्याच पुढ्यात ठेवलं मी ते बिघडलेलं सूप. थंडीत ताप आला, उतरला. नाक गेलं ते गेलंच, कसलाच वास येईना. म्हटलं, येईल हळूहळू, तोवर हाताच्या सवयीने करू. तेल खवट झालं होतं, ठमे. बाटली उघडल्या उघडल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी त्यात कांदे परतले, चाखून बघितलं. मीठ बरोबर लागलं, तिखट बरोबर लागलं, पाठवून दिलं. पातेलं जसंच्या तसं परत आलं, वर झाकण लावून. कोणी शब्दाने बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ठमी : म्हणून मी इथे आहे ना. नाक माझं, हात तुझे.

वहिनी : आणि तू दुकानात असतेस तेव्हा? नाक डब्यात घालून ठेवून जाशील?

ठमी : तू चिडलीस की बरं वाटतं, आधीची वहिनी दिसते. थांब, मला एक वाचू दे. ‘लसणाचा कच्चा वास जाईपर्यंत परतणे.’ ही दुसरी, ‘पिठाला खमंग वास आला की पुरे.’ ही आईची, ‘वास सुटला की उतरवणे.’ पाव काय म्हणतोय? ‘शेजारीण विचारायला आली की झाला.’

वहिनी : ती विचारायला यायचीच. ताटली घेऊनच यायची.

ठमी : अगं, पण मिनिटं कुठे आहेत? वजनं कुठे आहेत?

वहिनी : बघ आता तूच. जिथे तिथे नाक. नुसतं नीट लावून काय उपयोग? बिनकिल्लीची कुलपं ती.

ठमी : वहिनी.

वहिनी : काय?

ठमी : माझ्याकडे गिऱ्हाईक आलं आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं असलं, ‘बरं वाटेपर्यंत घेणे’, तर मी काय करते? डॉक्टरांना फोन करते. म्हणते, साहेब, बरं वाटतं तेव्हा नेमकं काय होतं? ताप उतरतो की भूक लागते, तेवढं सांगा, मी लेबलावर ते लिहिते. मग आता तू सांग. वास सुटतो तेव्हा आणखी काय होतं?

वहिनी : आणखी काय व्हायचंय?

ठमी : काहीतरी होतच असणार. कांदा काय एकट्या नाकासाठी शिजतो?

वहिनी : उगाच नाकाने कांदे सोलू नकोस.

ठमी : सुरीने सोलते. ऊठ. चल आत. हा पुठ्ठा, ही पेन्सिल. नवीन तेल मी घेऊन आलेय, आत्ताच उघडते. तू भिंतीकडे तोंड करून बस. बघायचं नाही, नुसतं ऐकायचं.

वहिनी : या वयात कोपऱ्यात उभी करतेस मला?

ठमी : बस म्हटलंय, उभी राहा नाही. हा टाकला कांदा.

वहिनी : गॅस मोठा आहे.

ठमी : कशावरून?

वहिनी : किंचाळतोय तो. बारीक कर. आणखी. हं, आता कुजबुजतोय.

ठमी : लिहिते, ‘कुजबुज’. पुढे?

वहिनी : पुढे तू गप्प बस, नाहीतर तुझीच कुजबुज ऐकू येते. आता पाणी सुटलं. बुडबुड ओली आहे. अजून अवकाश आहे, ढवळत राहा. ढवळ, ढवळ. आता पाणी आटत आलं. ऐकलंस? ओली बुडबुड गेली आणि सुकी चरचर सुरू झाली, पाचोळ्यावरून कोणी चाललंय तशी. चमचा तळाशी अडकतोय का?

ठमी : जरासा.

वहिनी : तळ खरवड. अजून नाही. अजून नाही. आता. उतरव.

ठमी : वहिनी, वास आला. तू ‘उतरव’ म्हणालीस आणि घमघमाट सुटला. माझ्या अंगावर काटा आला बघ.

वहिनी : रंग कसा दिसतोय?

ठमी : मधासारखा. कडेने थोडा गडद.

वहिनी : वळू मी?

ठमी : वळ ना.

वहिनी : हाच गं. हाच रंग. मी एवढी वर्षं समजत होते मी नाकाने करते. कान तिथेच बसून सगळं शिकत होते, मला पत्ताच नाही.

ठमी : कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते हेच.

वहिनी : लिही लवकर. ‘ओली बुडबुड गेली, पाचोळा वाजला की उतरवणे.’ आणि पिठाचं पण लिही. पीठ भाजताना आधी जड असतं, चमच्याला ओढतं. झालं की हलकं होतं, रेतीसारखं सळसळतं. केकचं तर सोपंच आहे, कड भांड्यापासून सुटते. आणि मुरंबा, अगं, त्याचे बुडबुडे आधी लहान आणि घाईचे असतात, मग मोठे आणि आळशी होतात.

ठमी : हळू, हळू. माझा हात दुखतोय.

वहिनी : पांढरं सूपही करून बघू. दूध ठेव तिकडच्या शेगडीवर. मी टेबलाशी बसून लिहिते, तुझं अक्षर डॉक्टरांच्या वरताण आहे.

ठमी : ठेवलं. स्कूटरच्या डिकीत माझ्याकडे कोरी लेबलं आहेत, दुकानातली. आत्ता आणते. स्वयंपाकघराचं दार लोटून घेते, तेलाचा धूर बाहेर नको. चिठ्ठ्या उडवू नकोस.

वहिनी : चिठ्ठ्या तू उडवल्या होत्यास. जा.

(ठमी जाते. थोड्या वेळाने जिना चढून परत येते.)

ठमी : आले, आले. लिफ्ट बंद आहे, दादाच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद, कोणाला सांगायची सोय नाही. वहिनी, लेबलं लाल किनारीची होती, पण मी—

वहिनी : ठमे, आत जा. गॅस बंद कर. दूध लागलंय.

ठमी : अगबाई. हो, पार काळं झालंय तळाला. केला बंद. मला जिन्यात वास आला होता, वाटलं खालच्यांचं काही असेल. तू उठली का नाहीस?

वहिनी : पाय उचलेना.

ठमी : चक्कर आली का? पाणी देऊ?

वहिनी : पाणी नको. दूध उतू गेलंय का?

ठमी : नाही. नुसतं खाली धरलंय.

वहिनी : म्हणजे शेगडीवर चर्र झालं नसणार.

ठमी : नाही.

वहिनी : आणि दार लोटलेलं होतं.

ठमी : मीच लोटून गेले.

वहिनी : मग मला कसं कळलं?



ठमी : वहिनी, वास आला तुला?

वहिनी : आधी वाटलं डोकं दुखायला लागलं. कपाळाच्या आत काहीतरी कडू. मग लिहिता लिहिता हात थांबला. म्हटलं, हे मला माहीत आहे. हे दूध आहे.

ठमी : थांब. हलू नकोस. ही कॉफी. हुंग.

वहिनी : नाही.

ठमी : लवंग?

वहिनी : नुसती काडी आहे.

ठमी : लिंबाची साल. नीट हुंग, मी चुरगाळते.

वहिनी : थंड लागलं. वास नाही. रडू नकोस, तुझं नाक बंद झालं तर या घरात मग एकही उरणार नाही.

ठमी : रडत नाहीये. हे पातेलं.

वहिनी : लांब धर, लांब धर. हं. शी. काय घाण आहे गं. जळकं, कडवट, शेवटी किंचित गोड. ठमे, गोडसुद्धा येतंय.

ठमी : डॉक्टर म्हणाले होते ना, आलं तर तुकड्यातुकड्याने येईल.

वहिनी : म्हणाले होते. मला वाटलं, बोलायची पद्धत असते त्यांची. आण इकडे परत. अजून एकदा.

ठमी : फोन वाजतोय. छापखान्याच्या बाई. मी बोलू?

वहिनी : दे इकडे. हॅलो. हो, मीच. बरी आहे. हो, ठरवलंय. नाही, ऐका ना, सगळं नाही जमणार एकदम. आधी सूप आणि पाव. तेल रोज नवं फोडेन आणि पाठवण्याआधी घरातलं दुसरं माणूस चाखेल, तुम्हाला तसं चालत असेल तरच. नाक पूर्ण नाही आलं अजून, तेही सांगून ठेवते. काय म्हणता? कोण? जुळारीकाका? असं विचारत होते? बरं. त्यांना म्हणावं, कांद्याचं करीन.

ठमी : कोण चाखणार म्हणे? घरातलं दुसरं माणूस?

वहिनी : दुकानात जायच्या आधी इकडून जायचं. चहा मिळेल.

ठमी : नुसता चहा?

वहिनी : सूप तर चाखणारच आहेस फुकटात. कोण आलं बघ, दार वाजतंय.

दादा : अगं, काय पेटवलंय घरात? दुसऱ्या मजल्यापासून वास येतोय. मी धावत आलो, आणि आपलीच लिफ्ट बंद.

ठमी : दूध लागलं, दादा.

दादा : दूध? माझ्या डाळीला नावं ठेवता आणि दोघी मिळून दूध जाळता? आणि हे काय, घरभर कागद, दोघींचे डोळे लाल. धुराने झालंय का? थांबा, खिडक्या उघडतो.

वहिनी : अहो, नको.

दादा : नको काय? डोळे चुरचुरतायत माझे.

वहिनी : बसा इथे माझ्याजवळ. राहू द्या थोडा वेळ.