वना मिस्त्रीची जीभ आणि प्रमिलाताईंचं वर्ष

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, ज्यांच्या घाणीच्या तेलावर आमच्या साबणाचं सगळं नशीब अवलंबून असतं ते आबासाहेब हिलाल पाटील. व्यासपीठावर विराजमान आमचे मालक रुपचंदशेठ. मुंबईच्या कॉलेजातून एवढा प्रवास करून जळगावला आलेले प्रोफेसरसाहेब. सत्कारमूर्ती कुमारी प्रमिलाताई. कढईवरचे माझे भाऊ, वड्या कापणाऱ्या माझ्या बहिणी आणि लाडवांकडे डोळे लावून बसलेले इतर सर्व सज्जनहो!

शेठनी मला सांगितलं आहे की, मिस्त्री, पाच मिनिटं बोला आणि दोन चांगले शब्द बोला. आता तीस वर्षं कढईपुढं उभं राहून ओरडणाऱ्या माणसाला पाच मिनिटं पुरतात होय? आणि मी काही अगदीच अडाणी नाही. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस आहे, तेही पहिल्या फटक्यात. वड्यांवरच्या ताईबाई, हसू नका. तुमच्या भावाला तीन वर्षं लागली होती, ते मी इथं सांगत नाही.

तर प्रमिलाताई. गेल्या वर्षी आषाढात शेठ त्यांना कारखान्यात घेऊन आले आणि म्हणाले, "मिस्त्री, या रसायनशास्त्र शिकतात. कॉलेजचा नियम आहे, एक वर्ष कारखान्यात काढल्याशिवाय पदवी नाही. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांनी मुलगी म्हणून नाही म्हटलं. आपण हो म्हटलंय." शेठ, त्या दिवशी तुम्ही मोठं मन दाखवलंत, हे मी आधी सांगून ठेवतो. पुढं मी जे बोलणार आहे ते ऐकून तुम्हाला माझा राग येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मला मात्र ते पटलं नव्हतं. मनात म्हटलं, नाजूक हाताची पोर, ही कॉस्टिकजवळ काय उभी राहणार! म्हणून पहिल्याच दिवशी परीक्षा घ्यायची ठरवली. प्रोफेसरसाहेब, तुमच्या माहितीसाठी सांगतो. कढईत तेल आणि खाराचं, म्हणजे कॉस्टिकचं, पाणी शिजून साबण होतो. तो तयार झाला की नाही हे बघायला आमच्याकडं एकच रीत. चिमूटभर साबण घ्यायचा, गार करायचा आणि जिभेला लावायचा. जिभेला चावलं, की खार जास्त आहे, तेल घाला. नाही चावलं, की घाणा उतरवा. आमच्याकडं एका कढईत निघालेल्या मालाला घाणा म्हणतात. या कारखान्यात तीस वर्षांत एकही घाणा माझ्या जिभेला विचारल्याशिवाय खाली उतरलेला नाही.

प्रमिलाताईंनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. म्हणाल्या, "काका, याचा एक थेंब साबणावर टाकला की खार जास्त असेल तर गुलाबी होतं. जीभ कशाला भाजून घ्यायची?" मी म्हटलं, "इथं बाटली चालत नाही, जीभ चालते. लावा." आणि पोरीनं लावली हो! घाणा कच्चा होता, मला माहीत होतं. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. ताईबाईंनी पळत जाऊन गूळ आणला. मी हसत उभा! गूळ चघळत तिनं मला विचारलं, "काका, तुमची जीभ कधी चुकत नाही?" मी छाती काढून म्हटलं, "चुकली तर मी मिस्त्री कसला?"

मंडळी, आता मी जरा आडरस्त्यानं जातो. आबासाहेब, घड्याळ बघू नका, लाडू कुठं पळत नाहीत.

आज सकाळी शेठनी मला एक लिफाफा दिला आणि म्हणाले, हा व्यासपीठावरच्या टेबलावर ठेव, प्रोफेसरसाहेबांना द्यायचा आहे. लिफाफा उघडा होता. आता उघडा लिफाफा वाचू नये असं फायनलला शिकवलेलं मला आठवत नाही. मी वाचला. त्यात प्रमिलाताईंच्या कामाचा दाखला आहे. बाकी सगळं चांगलं लिहिलं आहे. हुशार, मेहनती, वक्तशीर. आणि खाली एक ओळ आहे: "वजनमापात गंभीर हलगर्जी झाल्याने कारखान्याच्या लौकिकास धक्का बसला, हे वर्ष ग्राह्य धरावे किंवा नाही, हे कॉलेजने ठरवावे." साहेब, अशी ओळ असल्यावर तुम्ही काय ठरवणार? वर्ष फुकट आणि पदवीही हातची जाणार. कोणती कंपनी तिला पुन्हा घेणार आहे?

शेठ, बसा. मी गोंधळ घालायला उभा राहिलो नाही. मी हिशोबानं बोलतोय.

ती ओळ माघातल्या त्या घाण्याबद्दल आहे. सगळ्यांना आठवतोय. लढाईमुळं नेहमीचं कॉस्टिक मिळेना, दुसरीकडचं पिंप आलं होतं. त्या दिवशी वजन प्रमिलाताईंनी केलं, अगदी नेहमीच्या मापानं. पण नवा माल जास्त कडक निघाला. घाणा शिजला. मी जिभेला लावला आणि ओरडलो, "उतरवा!" प्रमिलाताई कढईपाशी आल्या, बाटलीतला थेंब टाकला. थेंब लालभडक झाला, कुंकवासारखा. "काका, थांबा. खार फार आहे." मी काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, "तुझ्या जन्माच्या आधीपासून ही जीभ साबण चाखते आहे. बाजूला हो."

दोन दिवसांनी वड्या कापताना ताईबाई म्हणाल्या, "मिस्तरी, हाऊ साबू हातले चावस." मी त्यांनाही गप्प केलं, म्हटलं, "थंडीना दिन शेतस, हात फुटतीनच." दोन बायांनी सांगितलं, एकीनं शिकून, एकीनं हात दाखवून. ऐकेल तो वना मिस्त्री कसला!

माल चाळीसगावला गेला आणि आठवड्याभरात परत आला. धुणं धुणाऱ्या बायांच्या हातांना फोड आले होते. शेठनी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि विचारलं, "त्या दिवशी वजन कुणी केलं?" प्रश्न चुकला होता शेठ. "घाणा पास कुणी केला?" असं विचारायला हवं होतं. पण तुमच्या मनातच आलं नाही, कारण वना मिस्त्रीची जीभ म्हणजे तुम्हाला देवाचा कौल. प्रमिलाताईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहत होतो. त्या म्हणाल्या, "वजन मी केलं." एवढंच. खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत. खोटं मी बोललो, तोंड न उघडता.

आता खरी गोष्ट सांगतो. कार्तिकात मला मुदतीचा ताप आला होता, एकवीस दिवस. तेवढे दिवस कढईही थंडच होती. ताप गेला आणि जाताना जिभेची चव घेऊन गेला. मला पत्ताच नव्हता. एके दिवशी घरी भरीत-भाकरी जेवत होतो. एक घास खाल्ल्याबरोबर पोरं उठून मोरीकडं पळाली. मी आपला मागून मागून खातोय. आमच्या वच्छलाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आवं, मीठ दोनदा पडी गयं! बठ्ठासनी थुकी टाकं, अन् तुम्ही मागी मागी खाई राहिनात?" मग त्यांनी माझ्या जिभेवर तिखट ठेवलं, चुना ठेवला. कशाचंच काही नाही. हळूच म्हणाल्या, "कोनले सांगू नका. जीभ गयी ते नोकरी बी जाई."

झाकली मूठ सव्वा लाखाची! मी मूठ झाकली. कार्तिकापासून माघापर्यंत अंदाजानं घाणे उतरवले. माप ठरलेलं, माल ओळखीचा, म्हणून निभावलं. नवं पिंप आलं आणि मूठ उघडली. पण उघडी दिसली ती फक्त या मुलीला.

त्या संध्याकाळी मी तिला गाठलं. म्हटलं, "ताई, बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "काका, तुमची जीभ गेली आहे ना? मी महिनाभर बघतेय. कच्चा साबण लावताना तुमचा डोळासुद्धा बारीक होत नाही." मी म्हटलं, "मग शेठना सांग की!" तर म्हणते, "मी ज्येष्ठात जाणार. तुम्ही कुठं जाणार? तुम्ही सांगा, पण तुमच्या वेळेनं सांगा."

माझ्या वेळेनं! चार महिने झाले, माझी वेळ काही आली नाही. ती ओळ तिच्या दाखल्यात जाईल हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण ठाऊक नसलं म्हणून माणूस सुटत नाही.

आणि चार महिने काय चाललं होतं माहीत आहे? मी सगळ्यांसमोर साबण जिभेला लावायचो, डोळे मिटायचो, मान डोलवायचो. साबण लागतोय की पेढा, देव जाणे! कढईच्या पलीकडं ही बाई गुपचूप थेंब टाकायची आणि सहज विचारल्यासारखं म्हणायची, "काका, आज तेल जरा कमी पडलं का हो?" की मी गरजायचो, "तेल कमी आहे रे! अजून एक डबा ओता!" आणि तुम्ही सगळे म्हणायचात, वाहवा मिस्त्री! शेठ, परवा तुम्ही रावेरच्या व्यापाऱ्याला सांगत होतात, "आमच्या मिस्त्रीची जीभ म्हणजे सोन्याचा तराजू." तो तराजू या मुलीच्या पिशवीत होता.

हसा, हसा. मलाही आता हसू येतंय. चार महिन्यांत पहिल्यांदा येतंय.

तुम्ही म्हणाल, मिस्त्री, आता तुझं काय? माझी चिंता करू नका. माझी जीभ गेली, अक्कल गेलेली नाही. थेंब कसा टाकायचा, बाटलीतलं औषध कसं बनवायचं, नवं पिंप आलं की आधी त्याचा कस कसा बघायचा, सगळं मी हिच्याकडून शिकून घेतलं आहे. शेवटचे अकरा घाणे मी स्वतः, तुमच्या नकळत, थेंबावर उतरवले, ती फक्त हात मागं बांधून उभी होती. अकरापैकी एकही परत आलेला नाही. बावन्नाव्या वर्षी चोवीस वर्षांच्या मुलीकडं शिकलो आणि त्याची मला लाज नाही, उलट अभिमान आहे. लाज आहे ती अंगणात खाली घातलेल्या मानेची. शेठ, मला ठेवा किंवा काढा. ठेवलंत तर जळगावात माझ्याइतका पक्का साबण कुणी उतरवणार नाही, हे छातीठोक सांगतो. काढलंत तर दुसऱ्या कारखान्यात जाऊन खरं सांगून काम मागेन. पण त्या ओळीपायी या मुलीचं वर्ष जाता कामा नये.

प्रमिलाताई, रडू नका. तुम्ही कच्च्या घाण्यालाही एवढ्या रडला नव्हतात. मला तुमच्याबद्दल फार वाटतं, मुलीसारखं वाटतं, आणि ते सांगायला मला आज पहिल्यांदा तोंड आहे.

अध्यक्षसाहेब, तुम्ही वेळ दिलात, आभारी आहे. प्रोफेसरसाहेब, तुम्ही अशी विद्यार्थिनी आमच्याकडं पाठवलीत, आभारी आहे. ताईबाई, तुमच्या हातांची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला नसेल, कुणाला शब्द लागला असेल, तर ते मोठ्या मनानं पोटात घाला.

माघातली चूक मात्र पोटात घालू नका. ती ओळ खोडा शेठ, आणि तिथं माझं नाव लिहा. आत्ता, इथं, साहेबांच्या देखत. भाषण संपलं की खाली बसायची पद्धत आहे. तुमचं लिहून होईपर्यंत मी उभा आहे.